मंगळ का नाही?

“मंगळावरचं एवढं नावाजलेलं विद्यापीठ सोडून चंद्रावर कशाला चाललीस गं, शालू?” बाबांनी सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

आधी शाल्मलीने तिथलं हॉस्टेल, मग केसांत जाणारी लाल धूळ अशी काहीबाही कारणं दिली होती. बाबा दर वेळी हसले आणि दहा मिनिटांत सगळं विसरले. आजारच तसा होता.

या वेळी तिने खरं सांगून टाकलं. “मंगळावरून उत्तर यायला अर्धा तास लागतो, बाबा. तोवर तू प्रश्नच विसरशील. चंद्रावरून तीन सेकंदांत येतं.”

बाबांनी चष्मा काढला. “माझ्यापायी मंगळ सोडलास?”

ती त्यांचा हात धरून बसून राहिली. दहा मिनिटं झाली.

“शालू, मंगळ का नाही गं?”

“तिथली मेस भंगार आहे, बाबा.”

बाबा खो खो हसले. “एवढंच ना? मग रडतेस कशाला, वेडे?”