चार बोटं भिजलेला बाण

"सगळं रान लाल, त्यात रक्त कुठलं शोधायचं!" गुडघ्यांवर रांगत मार्ला करवादली. विस्कॉन्सिनमध्ये मेपलची लाल पानगळ ऐन भरात होती. वडिलांच्या बाणानं जखमी झालेलं हरीण त्यातूनच पळालं होतं. रक्ताचा थेंब दिसेल तिथे भाऊ खुणेला कागदाचा पांढरा कपटा टाकत होता. मागे ओंडक्यावर वडील बसले होते. मांडीवर धनुष्य, हातात हरणाच्या अंगातून गळलेला बाण. तो रक्तानं जेमतेम चार बोटं भिजला होता; खोल रुतलाच नव्हता. "वाऱ्यानं घात केला, बाबा," भाऊ म्हणाला. "धनुष्यही जुनंच," मार्लानं री ओढली. "हो, धनुष्यच म्हातारं झालंय," खांदा चोळत वडील हसले. मग थेंबही सापडेनासे झाले. भावाच्या हातात कपटे तसेच उरले. मार्ला उठली. "बाबा, तुमच्यानं आता दोरी पुरती ओढवत नाही. हे मी उन्हाळ्यात सरावाच्या वेळीच बोलले असते, तर ते हरीण आत्ता चरत असतं."