गुरुवारची इंदू

"त्या सासूच्या कानाखाली कोणी वाजवा वं!" मैनाबाई भोंग्याकडे पाहून ओरडल्या आणि चावडीपुढे बसलेल्या साऱ्या बायांनी माना डोलावल्या.

भोंगा ग्रामपंचायतीच्या रेडिओचा. दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर नागपूरहून श्रुतिका लागायची, एका गाजलेल्या कादंबरीवरून केलेली. तिच्यातली इंदू पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते, आणि सासू काही तिला माहेरी पाठवत नव्हती. कापूस वेचून आलेल्या बाया हातपाय न धुता चावडीवर यायच्या आणि इंदूसाठी पदर भिजवून घरी जायच्या.

रडण्यात मैनाबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. आदल्या साली रेडिओवर एक म्हातारा मेला, तर त्या दिवशी त्यांनी घरात चूल पेटू दिली नव्हती. नवरा, सदाशिवराव, मुकाट्याने फुटाणे खाऊन झोपले होते. मैनाबाईंपुढे त्यांचं कधी चाललं नव्हतं.

सून सत्यभामा मागे, भिंतीला टेकून बसायची. तिचंही पहिलंच होतं आणि नववा लागला होता. पाय सुजून वहाणेत मावत नव्हते. सुईण स्पष्ट म्हणाली होती, "इले आराम पाह्यजे, मैनाबाई. माहेरी धाडून द्या, नाईतं जड जाईन."

माहेर वडकीला, नागपूरच्या रस्त्यावरच. पण मैनाबाई म्हणाल्या होत्या, "कापूस घरात येऊ दे. मंग पाहू." शेत पांढरंशुभ्र झालं होतं आणि सत्यभामेचा हात वेचणीला चलाख होता. ती भ्यायली होती. तिची थोरली बहीण अशीच, पहिल्या बाळंतपणात सासरी दगावली होती.

त्या गुरुवारी श्रुतिका संपल्यावर मैनाबाईंनी विमलताईंना वाटेत गाठलं. विमलताई म्हणजे शाळामास्तरांची बायको. गावात कादंबऱ्या वाचणारी ती एकटीच.

"तुमी तं पुस्तक वाचलं. पुढं काय होते पोरीचं?"

"सांगू नये खरं तर."

"सांगा बाप्पा. मले झोप येनार नाई."

विमलताईंनी आवाज खाली केला. "माहेरी पाठवत नाहीत. बाळंतपणातच जाते. पोटातलं मूलही जातं. वेळेवर कोणी हात दिला असता, चार दिवस विसावा मिळाला असता, तर वाचली असती."

मैनाबाई घरी आल्या आणि न जेवता ओसरीवर बसून राहिल्या. सत्यभामेनं ताट आणलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे, तिच्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं.

"पहिलटकरनीले लय तरास होते का वं?"

"होते, मामी." सत्यभामा हळूच म्हणाली. "भेव लागते."

मैनाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

सकाळी त्यांनी मुलाला, घनश्यामला, बोलावलं. "सोमवारी नागपूरच्या मोटारीनं जा लागते तुले. पोरीचं काम हाय."

घनश्यामचा चेहरा उजळला. "मी तं कवाचा वाट पाहून राह्यलो, माय."

"अन् वेचणी?" सदाशिवरावांनी विचारलं.

"वेचणी होत राहीन. जीव गेला तं वापस येते का? दुसऱ्याची लेक हाय, काळजी नोको? तुमी मानसं दगडाचे!"

दाराआड उभ्या सत्यभामेला रडू आवरेना. सासूला तिनं मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, त्याची तिला लाज वाटली. माणूस बोलतं एक आणि असतं एक, असं तिला वाटलं.

मैनाबाई स्वतः पांढरकवड्याच्या बाजारात जाऊन आल्या. हिरवं लुगडं, खण, बांगड्या, नारळ, डिंक, खारीक. ओटीचं सगळं सामान त्यांनी निवडून आणलं होतं, पै-पैशाला घासाघीस करणाऱ्या बाईनं. लाडवाची खारीक सत्यभामेनंच कुटली. सुजल्या पायांनी उखळापाशी बसली, पण हात कसा भराभर चालत होता. एक लाडू तिनं चाखायला उचलला तर मैनाबाईंनी हातावर हलकी चापट मारली.

"ठेव. बायतिनीचे हायेत ते."

बाळंतीण म्हटल्यावर सत्यभामा लाजून हसली. कधी निघायचं, किती दिवस राहायचं, हे तिनं विचारलं नाही. सुनेनं स्वतःच्या माहेरचा विषय आपण होऊन काढायचा नसतो. सासू सांगेल तेव्हा पाऊल उचलायचं. नवराही आईपुढे बायकोचं नाव काढत नसे. त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमवारी सत्यभामेनं न्हाऊन केस विंचरले, आपल्या दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि बाजेखाली सरकवून ठेवलं. शेजारणी भेटून गेल्या. "नशीब काढलं वं पोरी, अशी सासू भेटाले," एक म्हणाली. मैनाबाईंनी लाडवांचा डबा आणि ओटीचं सामान एका स्वच्छ फडक्यात बांधलं. बांधताना त्यांचे डोळे भरून आले.

सगळे सडकेवर आले. सत्यभामा गाठोडं घेऊन मागून, हळूहळू. धुरळा उडवत मोटार येऊन थांबली. घनश्यामनं डबा घेतला आणि बायकोला आधी चढवायला हात पुढे केला.

"इले काहून चढवतं?" मैनाबाई म्हणाल्या. "अन् तू वं, गाठोडं घेऊन कुठं चालली? बाया कवाच्या शेतात गेल्या, जाय लवकर." मग खिडकीशी जाऊन त्यांनी मुलाला बजावलं, "रेडिओच्या हापिसात कोनापाशी देजो नोको, इंदूच्याच हातात देजो. अन् सासूले भेवजो नोको, पोरीले घेऊनच ये. बायतपन आपल्या घरी करू. तिचं सारं कराले सत्यभामा हायेच."