कासव कोणाचं?

"आज कोण?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"तुमच्या वर्गाची मॉनिटर," खेळवाली ताई म्हणाली. "दहापैकी शून्य."

"काहीतरीच! त्या पोरीला झोपेतून उठवून अपूर्णांक विचारा."

संगणकाच्या खोलीत मुलं कानांवर हेडफोन चढवून शहाण्यासारखी बसली होती. जरा जास्तच शहाण्यासारखी. ताईला तेच खुपत होतं.

अपूर्णांकांचा हा खेळ तिनेच बनवला होता. पहिल्या येणाऱ्याच्या फोटोवर मुकुट, शेवटच्याच्या फोटोवर कासव. ते दुसऱ्या दिवसापर्यंत पडद्यावर तिथेच, सगळ्यांना दिसेल असं. 'लाज वाटली की मूल जिद्दीने शिकतं,' असं तिने शाळेला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. सुरुवातीला कासव रोज चिमणीलाच मिळायचं. चिमणी म्हणजे मागच्या बाकावरची, ओठांतल्या ओठांत बोलणारी मुलगी. मग चिमणी शाळेत यायचीच बंद झाली. बाईंनी घरी खेटे घालून तिला परत आणलं. तेव्हापासून कासव रोज वेगळ्याच फोटोवर दिसत होतं. काल तर गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाच्या. त्याचंही शून्य.

ताईचा संशय त्या शून्यावरच होता. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. डोळे मिटून बोट ठेवलं तरी दोन-तीन उत्तरं लागून जातात. रोज कोणीतरी सगळीच्या सगळी चुकवायची, तर त्याला बरोबर उत्तरं आधी ठाऊक हवीत.

"उत्तरं फुटलीत," ती बाईंच्या कानाशी पुटपुटली. "आणि ही मंडळी आपली मजा बघताहेत. प्रश्न बदलून आत्ताच पुन्हा खेळायला लावते."

"तसं असेल तर खेळ उद्यापासून बंद," बाई म्हणाल्या. "आणि आजचं कासव चिमणीच्या वाट्याला येऊ देऊ नका. पुन्हा घरी बसली तर यायची नाही ती."

ताईने सगळे प्रश्न बदलले. कालच रचलेले, कोणीच न पाहिलेले. मुलांना पुन्हा खेळायला लावलं आणि ती मॉनिटरच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

मॉनिटर, शून्य. चिमणी, एक.

"थोडक्यात वाचली," बाईंनी सुस्कारा सोडला.

ताईने मॉनिटरच्या कानांवरचा हेडफोन काढला. "हे प्रश्न तू कधी पाहिलेले नाहीस. मुद्दाम चुकतेस ना?"

मॉनिटरने मान खाली घातली. "आज कासव माझ्याकडे आहे, ताई. रोज एकेक जण घेतो. शून्याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही ना. मग ते चिमणीला मिळत नाही."

ताईचे कान तापले. "चिमणीला माहीत आहे हे?" तिने हळूच विचारलं.

"कळलं, तिथेच तर घोळ झाला!" मॉनिटर वैतागली. "म्हणते, मला फुकटात नको, माझाही एक दिवस लावा. आता सगळी चुकवायची तर आधी सगळी यायला नकोत? रोज मधल्या सुट्टीत तिला शिकवत बसतो आम्ही. डबासुद्धा धड खाऊ देत नाही ही बया."

मागच्या बाकावर चिमणी आपल्या पडद्याकडे रागाने बघत होती.

"श्शी!" ती म्हणाली. साऱ्या खोलीला ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने. "अजून एक चुकून बरोबर येतंच!"