शिपायाची फुलपँट

दारात खाकी फुलपँट दिसली तशी तिने कपाळावर पदर ओढला आणि मान खाली घातली. पोलिसांत फुलपँट असायची ती साहेबांना. तिच्या नवऱ्यासारखे शिपाई हाफपँटीत, गुडघे उघडे टाकून हिंडायचे.

"या साहेब, बसा. हे गस्तीवर गेलेत," म्हणत तिने ठेवणीतल्या कपबशीतून चहा पुढे केला.

आलेला माणूस तिचा नवराच होता; त्याला गंमत वाटली. शिपायांनाही फुलपँट द्यायचा हुकूम निघाला होता आणि नवी पँट बायकोला दाखवायला तो थेट घरी आला होता. आवाज घोगरा करून त्याने विचारलं, "कसा आहे तुमचा शिपाई?"

"कामाला वाघ आहेत, साहेब. बाजारात नुसते उभे राहिले तरी भुरटे चोर पळतात. आणि स्वभावानं देवमाणूस."

त्याला गहिवरून आलं. "अगं, मीच आहे! इतक्या वर्षांत मला कधी म्हणाली नाहीस हे?"

तिने पदर मागे सारला, त्याला खालून वर न्याहाळलं आणि त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली.

"तुम्हाला सांगून बढती मिळणार होती होय?"