गल्लीच्या टोकाचं कॉलेज

"दगड शिकायला इतक्या लांब कशाला जायचं?" वडील म्हणाले आणि त्यांनी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबली. "आपल्या दारात काय कमी पडलेत?"

धाकटीचं उत्तर आठवडाभर देऊन झालं होतं. भूगर्भशास्त्र म्हणजे नुसते दगड नव्हेत, हे सांगून सांगून तिची जीभ दमली होती, आणि ऐकून ऐकून वडिलांचे कानही दमले असावेत. पण हट्ट कोणाचाच दमत नव्हता.

दुपारी लाँड्रीत गिऱ्हाईक नसतं. काचांवर वाफ धरली होती. वर ओळीने कोट टांगलेले, प्रत्येकाच्या बाहीला नंबराची चिठ्ठी टाचलेली. धाकटी काउंटरमागे मोबाइल घेऊन बसली होती. तिचं नाव दोन कॉलेजांत लागलं होतं. एक रात्रभराच्या प्रवासावर, भूगर्भशास्त्राचं, हॉस्टेलमध्ये राहायचं. दुसरं गल्लीच्या टोकाला, कॉमर्सचं. संध्याकाळपर्यंत दोहोंपैकी एकावर बोट ठेवायचं होतं. एकदा ठेवलं की दुसरी जागा गेली. मग कोणी कितीही हातापाया पडा, बदल नाही.

"गल्लीतलं कॉलेज उत्तम," वडिलांनी पुन्हा सुरुवात केली. हे भाषण त्यांचं एव्हाना तोंडपाठ झालं होतं. "मावशी तिथेच लायब्ररीत असते. तू कुठे बसतेस, कोणाशी बोलतेस, सगळं संध्याकाळी घरी कळेल."

"वा!"

"मधल्या सुट्टीत दुकानात यायचं. चिठ्ठ्या टाचायला हात लागतोच."

"अजून?"

"अजून काय? डबासुद्धा न्यायला नको. घरी येऊन जेवायचं."

मागच्या खोलीत थोरला चादरींच्या घड्या घालत होता. तो नुसता खाकरला. त्याच्या वेळी सगळं वेगळं होतं. वडिलांनी त्याच्यामागे जा, जा म्हणून टुमणं लावलं होतं. कॉलेज त्यांनी शोधलं, विषय त्यांनी ठरवला, हॉस्टेलची खोलीसुद्धा स्वतः जाऊन बघून आले. थोरला भडकला, माझं आयुष्य माझं मला बघू द्या म्हणाला, आणि कुठेच गेला नाही. आता तो चादरीची घडी इतकी झकास घालतो की तिचं कौतुक करायलाही घरात कोणाची जीभ रेटत नाही.

धाकटी तरी कुठे सरळ आहे? मुलींना गणित झेपत नाही, असं मामा एकदा जेवताना बोलून गेला. त्या वर्षीपासून गणितात हीच पहिली. मामा अजून येतो, पण जेवताना बोलत नाही.

वडिलांनी शर्ट उलटा केला आणि नुकतीच झालेली बाही पुन्हा इस्त्री करू लागले. धाकटीने ते पाहिलं. गेले काही दिवस त्यांचं असंच चाललं होतं. झोप नाही, जेवणात लक्ष नाही. एक पाय दुखायला लागला की दुसऱ्यावर भार द्यायचे, मग तोही दुखायचा. आत्ताही ते टेबलाला टेकून उभे होते आणि आपण टेकलोय हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून सरळ दिसायची धडपड करत होते.

तिला वाईट वाटलं. गेला आठवडाभर ती नुसती रागावली होती. आज पहिल्यांदा वाईट वाटलं.

"बाबा, तुम्हाला मी इथे हवी आहे ना?"

इस्त्री थांबली.

"हो," ते म्हणाले. "हवीच आहेस." हे मात्र पाठ केल्यासारखं आलं नाही.

"मग राहते."

"कुठे?"

"इथे. कॉमर्सला."

वडिलांनी इस्त्री उभी करून ठेवली. "आणि तुझे ते दगड?"

"दगड कुठे पळून जातायत!"

"मावशी डोक्यावर बसेल हं."

"बसू दे."

"मी रोज सोडायला येईन. पार वर्गाच्या दारापर्यंत."

"या."

"पोरी हसतील तुला."

"हसू देत." धाकटी स्वतःच हसली, पण डोळे भरून आले होते. "जन्मभर भांडले तुमच्याशी. एकदा तरी ऐकते."

"थांब, घाई कसली? संध्याकाळपर्यंत वेळ आहे, नीट विचार..."

"झाला विचार." तिने बोट ठेवलं आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. हिरवी खूण उमटली होती.

वडील त्या खुणेकडे बघत राहिले. धाकटीने क्षणभर त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, मग डोळे पुसले, डॉक्टरांचे कोट खाली उतरवले आणि ते पोचवायला निघाली. जाताना थोरल्याला हाक मारून म्हणाली, "दादा, यांना बसव रे जरा." थोरला स्टूल घेऊन आला, ठेवून गेला. वडील बसले नाहीत.

जिन्यावर पावलं वाजली. आठवडाभर या भांडणात आई एका शब्दाने पडली नव्हती. आता ती लगबगीने खाली आली आणि आधी रस्त्याकडे डोकावली.

"गेली ना? दार आपटलं का?"

"नाही. हळूच लावलं."

"म्हणजे?"

"राहते म्हणाली. कॉमर्सला. बोट पण ठेवलं."

आई त्या स्टुलावर बसली.

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, या खेपेला नको नको म्हणू, म्हणजे ही हमखास जाईल?"

वडिलांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"कालपर्यंत गेली असती," ते म्हणाले.