व्हिओलाचा कागद

चेलोची धून निम्म्यावर आली असताना ओटोकार झेलिंकाने मान वर केली आणि तो थांबला. नवा व्हिओलावादक त्याच्याकडे टक लावून पाहत होता.

"काय झालं? मी चुकतोय का?"

"नाही, साहेब." पोस्टात कारकून असलेला वालेंटिन गडबडला. "तुमच्याकडे बघायचं, असं इथे लिहिलंय."

"तिथे व्हिओलाला विराम आहे. विरामात मोजत बसायचं असतं."

"चेलोकडे बघून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही," पहिले व्हायोलिन वाजवणारे दंतवैद्य श्टेगर म्हणाले. घर त्यांचे होते, त्यामुळे विनोदही त्यांचेच असत.

वालेंटिनसमोरचा स्वरलिपीचा कागद आधीचा व्हिओलावादक लेओपोल्ड हिर्न याचा होता. हातमोजे शिवणारा लेओपोल्ड ऑगस्टमध्ये वारला. अकरा वर्षांपूर्वी ओटोकारने त्याच्या बहिणीशी ठरलेले लग्न मोडले आणि त्या दिवसापासून दोघांत शब्द उरला नाही. तरीही दर गुरुवारी दुपारी दोघे श्टेगरांकडे येत, शेजारी बसत, वाजवत आणि वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी जात. चौघांसाठी लिहिलेले तिघांना वाजवता येत नाही, एवढेच त्याचे कारण दोघेही सांगत.

या रचनेच्या संथ भागात सगळे थांबतात आणि चेलो एकटाच बोलतो. तिथे ओटोकार दरवेळी खाली बोटांकडे पाही. आपण वर पाहिले आणि लेओपोल्डची नजर दुसरीकडे असली, तर ते सोसवणार नाही, असे त्याला वाटे. आता ती भीतीही उरली नव्हती. आजचा गुरुवार आपला शेवटचा, चेलो पेटीत गेला की पुन्हा निघणार नाही, असे तो श्टेगरांना सांगूनच बसला होता.

"दाखव बघू."

चौकडीत प्रत्येकासमोर फक्त आपल्या वाद्याचा कागद असतो. शेजाऱ्याचा कोणी वाचत नाही. ओटोकारने तो प्रथमच हातात घेतला आणि खिडकीपाशी नेला. तिथे तो त्याने दोनदा वाचला.

"शिवी असेल तर मोठ्यानं वाचा, झेलिंका," श्टेगर म्हणाले. "आम्हालाही हिर्नची आठवण येते."

ओटोकारने कागद वालेंटिनसमोरच्या लाकडी स्टँडवर परत ठेवला, सरळ केला.

"मग, पुढच्या गुरुवारसाठी दुसरा कुणी चेलोवाला बघू ना मी?" श्टेगरांनी विचारले.

"नको." ओटोकारने चेलोचा गज उचलला. "तो भाग पुन्हा घेऊ."

विरामाच्या वर, लेओपोल्डच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने लिहिले होते: ‘इथे ओटोकारकडे बघायचे. त्याने मान वर केली, तर हसायचे.’ खाली ही रचना वाजवली त्या अकरा हिवाळ्यांच्या तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द होता: ‘नाही.’