पोकळ ठेवलेली जमीन

धुळ्याच्या फ्लॅटमध्ये भूपेंद्र बायकोच्या तोंडात पदर कोंबून तिला स्लॅबवर आपटायचा. खालच्या मजल्यावर भागाबाईंकडे पापड लाटायला जमलेल्या बायांना काही ऐकू जायचं नाही.

मग हौसेनं त्यानं हॉलमध्ये लाकडी जमीन करायला घेतली. स्लॅबवर पट्ट्या ठोकून झाल्यावर सुतार निंबाभाऊ म्हणाले, “वहिनी, फळ्यांखाली फोम भरतो. पोकळ ठेवलं तर खाली ढोल वाजल्यासारखा आवाज जाईल.”

“पोकळच राहू द्या,” ओठाचं रक्त पुसत सुलक्षणा म्हणाली.

रविवारी दुपारी भूपेंद्रनं पुन्हा पदर कोंबला आणि तिला केसांना धरून फळ्यांवर आपटलं.


दुसऱ्यांदा आपटायच्या आत दार धडधडलं. “उघड रे, आते खाले बठ्ठं ऐकू येस, सगळं!” बाहेर भागाबाई होत्या, आणि त्यांच्यामागे जिनाभर बाया, पीठ लागलेली लाटणी घेऊन.